दहा दिवस जगलेलं वटवाघूळ

सहादूमामांचा माणसांवर विश्वास नव्हता. कुत्र्यांवर थोडाफार होता, कारण कुत्रं खोटं बोलत नाही. आणि माझा सहादूमामांवर नव्हता. असे आम्ही दोघं पंचवटीतल्या एका लहानशा दवाखान्यात सात वर्षं एका छपराखाली काम करत होतो. ते जखमा बांधणारे ड्रेसर आणि मी औषधं देणारी, दीपमाला. दवाखान्याचं नाव सांगत नाही. तिथली काही माणसं अजून आहेत, आणि उगाच कोणाच्या शेपटीवर पाय द्यायची मला हौस नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची, रोज एक. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस होती. टोचल्यावर पोटावर लिंबाएवढी गाठ यायची आणि माणूस वाकून चालायचा. आमच्याकडे सकाळी आठला रांग लागायची आणि रांगेच्या तोंडाशी स्टूल टाकून सहादूमामा बसायचे, फौजदारासारखे.

"कुत्रं कोणाचं?"

"मोकाट आहे."

"रंग?"

"काळा."

"शेपूट वाकडी का सरळ? कान फाटका हाय का? त्याला दगड कोणी मारला आधी?"

माणूस रडकुंडीला यायचा. एकदा एकाने कुत्र्याचं नाव सांगितलं आणि मामांनी दातांचे व्रण पाहून त्याला थेट विचारलं, "भावाशी भांडण कशावरून झालं?" खरंच सख्खा भाऊ चावला होता. तेव्हापासून तर त्यांचा भाव आणखीनच वधारला.

दवाखान्याचा एक रिवाज होता. चावलेलं कुत्रं दहा दिवस डोळ्यांखाली ठेवायचं. ते दहा दिवस धडधाकट राहिलं तर त्याला रोग नाही असं धरायचं आणि इंजेक्शनं थांबवायची. लोक तर चौथ्या-पाचव्या सुईलाच पळायचे. "कुत्रं मजेत हाय" असं सांगायचे आणि गायब व्हायचे. मामा ते सांगणं कधीच खरं धरत नसत. सायकलवर टांग मारून ते स्वतः त्या गल्लीत जायचे, कुत्रं बघायचे, मगच रजिस्टरमध्ये लिहायचे.

त्याला कारण होतं. ते स्वतःच एकदा बोलले. त्यांच्या गावाकडचा मंगळू नावाचा गवंडी होता. त्याला तांबडं कुत्रं चावलं. आठव्या दिवशी मंगळू म्हणाला, कुत्रं दारात बसलेलं आत्ताच बघून आलो. मामांनी त्याच्या शब्दावर इंजेक्शनं थांबवली. त्या आळीत तांबडी कुत्री दोन होती. मंगळू बघत होता ते दुसरंच. पुढे पाण्याचा तांब्या पाहून तो किंचाळायला लागला आणि तिसऱ्या दिवशी गेला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मामा त्यानंतर साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

मला मात्र त्यांच्या या चौकशांचा राग यायचा. मला वाटायचं, एवढा संशय घेणारा माणूस स्वतः सरळ असूच शकत नाही. चोराच्या मनात चांदणं.

सत्त्याण्णव सालच्या थंडीत मखमलाबादची कलाबाई आली. तिचा फुलांचा मळा होता, झेंडू आणि शेवंती. बांधावर पेरूची चार झाडं. पेरू वाघळं खातात म्हणून तिने झाडांवर जाळं टाकलं होतं. सकाळी बघते तो जाळ्यात एक मोठं वटवाघूळ अडकलेलं, हातभर पंखांचं, कोल्ह्याच्या तोंडाचं. विळ्याने जाळं कापून सोडवायला गेली तर ते तिच्या अंगठ्याला कडकडून चावलं. तिने तशीच टोपली पालथी घालून ते धरून ठेवलं आणि दवाखान्यात आली.

आमचे मोठे डॉक्टर हसायला लागले. "उलटं लटकून चावलं का सुलटं?" कोणता प्राणी चावला तर लस द्यायची, त्याची यादी भिंतीवर टांगलेली होती. कुत्रं, मांजर, माकड, कोल्हा, मुंगूस. वटवाघूळ नव्हतं.

सहादूमामा मध्येच बोलले. "साहेब, पेपरात आलं होतं. ऑस्ट्रेलियात वाघळं सांभाळणारी एक बाई मेली. पिसाळल्यासारखाच रोग, वाघळाकडून आलेला."

"ऑस्ट्रेलिया कुठं, मखमलाबाद कुठं!" डॉक्टर म्हणाले. मग कलाबाईकडे वळून, "बाई, धरून ठेवलंय ना? दहा दिवस सांभाळा. मेलं तर या. नाही मेलं तर निवांत राहा."

मलाही ते पटलं. नियम तो नियम. मामा मात्र दिवसभर पुटपुटत होते, "कुत्र्याचा नियम वाघळाला कसा लागेल? वाघूळ काय कुत्रं हाय का?" मी त्यांना म्हटलं, तुम्हाला डॉक्टर व्हायचं होतं वाटतं.

दहा दिवस त्या वाघळाचे घरात काय लाड झाले म्हणता! पिकला पेरू, केळं, गुळाचं पाणी. अकराव्या दिवशी मामा सायकल मारत मखमलाबादला गेले. वाघूळ सोडू नका, त्याचं डोकं तपासायला कुठे पाठवता येतं का ते बघू, असं सांगायला. दारात कलाबाईची सासू पाय पसरून बसली होती.

"वाघूळ कुठंय, आजी?"

सासूने फळीवरच्या बाटलीकडे बोट केलं. वाघळाच्या चरबीचं तेल गुडघ्याला लय गुणकारी असतं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. दहा दिवस भरले, सरकारी काम संपलं, मग म्हातारीने ते कढवलं. "फुकट खाऊ घातलं का त्याला?" असं वर तिनेच विचारलं.

हे मामांनी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सांगितलं तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो. डॉक्टरांनी कलाबाईच्या नावापुढे लिहिलं, प्राणी दहा दिवस जिवंत, उपचाराची गरज नाही. प्रकरण मिटलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मामा संध्याकाळी घरी जाताना पिशवीत थर्मास न्यायला लागले होते. मी विचारलं तर म्हणाले, चहा. संध्याकाळी दवाखान्यातून घरी कोण चहा नेतं? एकदा ते हात धुवायला गेले तेव्हा मी झाकण उघडलं. आत बर्फ होता.

मग मी रजिस्टर काढलं. गाद्या भरणारा कादर, नववं इंजेक्शन, पुढे बरोबरची खूण. नाशिक रोडचा एक कामगार, अकरावं. मला हे दोघं दवाखान्यात बरेच दिवस दिसले नव्हते. मी सरळ कादरच्या दुकानात गेले.

"मी तर चौथ्या सुईनंतर आलोच नाही, ताई," तो कापूस पिंजतापिंजता म्हणाला. "कुत्रा ठणठणीत आहे. तो बघा, बाहेर झोपलाय. मामा येऊन बघून गेले त्याला."

म्हणजे हे पाणी इथं मुरत होतं! ज्यांनी इंजेक्शनं सोडली त्यांच्या नावावर मामा लस काढत होते आणि बर्फात घालून बाहेर नेत होते. कशाला, ते सांगायला ज्योतिषी नको होता. लस तेव्हा बाहेर सहज मिळत नसे. मी त्याच संध्याकाळी वरच्या कार्यालयाला तक्रार लिहिली, तारखांसकट, दोन प्रतींत. मला फार बरं वाटलं, हे कबूल करते. सात वर्षं मनात होतं ते खरं निघालं होतं.

दोन दिवसांनी औषधांचं कपाट सील झालं, रोजच्या लसीचा फ्रीज माझ्याकडे आला आणि मामांना कामावरून थांबवलं. पिशवी उचलून ते निघाले, दाराशी थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, कलाबाईची नऊ झालीत. पाच राहिलीत. माझं काय व्हायचं ते होऊ द्या. तिची पाच द्या."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सगळं लिहून ठेवता. तुम्हाला सांगितलं असतं तर कागद झाला असता, आणि पहिल्याच सुईला बंद पडलं असतं."

माझा विश्वास बसला नाही. सापडल्यावर माणूस काहीही रचतो. पण रात्री मला मंगळूचा तांब्या डोळ्यांसमोर यायला लागला. तिसऱ्या दिवशी मी मखमलाबादला गेले, घरी नाही, मळ्यात. कलाबाई एकटीच फुलं तोडत होती. मी मामांचं नाव घेताच ती घाबरली आणि मला पंपाच्या खोलीत घेऊन गेली. भिंतीवर कोळशाच्या नऊ रेघा होत्या. मामांनीच तिला ओढायला लावल्या होत्या, प्रत्येक सुईला एक. तिच्या सांगण्यावर त्यांचा भरवसा नव्हता आणि स्वतःच्या आठवणीवरही.

"घरी कोणाला ठाऊक नाय," ती म्हणाली. "सासू म्हणते, वाघूळ चावून कोणी मरत नाय. अन् धनी लय संशयी हायेत. परका माणूस रोज सकाळी मळ्यात येतो, पोटाला सुई टोचतो, हे त्यांना सांगू कसं? मामा फक्त म्हणाले, नाय घेतलीस अन् काय झालं, तर माझ्याकडं इलाज नाय."

तिच्या पोटावरच्या गाठी मी पाहिल्या. दवाखान्यातल्या तीन शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात जे आलं नाही, ते या सातवी झालेल्या ड्रेसरच्या डोक्यात आलं होतं. आणि मी ते मध्येच तोडलं होतं.

मग मी काय केलं? ज्याची तक्रार केली होती तेच केलं. दुसऱ्यांच्या नावांपुढे खुणा केल्या, घरून थर्मास आणला, आणि रोज सकाळी पहिल्या बसने मखमलाबादला जाऊन कलाबाईला सुई दिली. दहावी, अकरावी, बारावी, तेरावी. चौदाव्या सुईच्या दिवशी दवाखान्यात तपासणीची माणसं येऊन बसली. मला फ्रीज उघडायची हिंमत झाली नाही. मनाला समजावलं की तेरा काय आणि चौदा काय.

आठवड्याने चौकशी झाली. मामांनी सगळं खरं सांगितलं. वाघूळ म्हटल्यावर चौकशीवाले एकमेकांकडे बघून हसले. कलाबाईच्या नवऱ्याला, फकिराला, बोलावलं होतं. तो शपथेवर म्हणाला, आमच्याकडे कोणी आलं नाही. तो खोटं बोलत नव्हता, मळ्यातलं त्याला ठाऊकच नव्हतं. कलाबाई चौकशीला आलीच नव्हती. मग मला विचारलं, "ड्रेसर म्हणतोय ते खरं आहे का? तुम्हाला काही माहिती?"

मी खरं बोलले असते तर माझ्या चार खोट्या खुणा उघड्या पडल्या असत्या. माझी नोकरी, माझं नाव. मामा माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "मला माहीत नाही."

बाहेर व्हरांड्यात मामांनी फक्त एवढंच विचारलं, "पाच झाली?"

"झाली," मी म्हणाले.

ते गेले. मला वाटलं, संपलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या घराच्या दारात उभे. सायकल धुळीने भरलेली.

"भिंतीवर तेराच रेघा हायेत," ते म्हणाले.

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात वर केला. "तुम्ही माझी नोकरी खाल्ली, ते राहू द्या. चौदावं कुठंय?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी उठले, दवाखान्यात गेले, सुई आणि लस घेतली. मखमलाबादला पंपाच्या खोलीत मी सुई भरली तेव्हा त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतः दिली. कलाबाईने चौदावी रेघ ओढली. परतताना मी म्हटलं, "मामा, मी उद्या साहेबांना सगळं सांगते." ते म्हणाले, "बघा." मी सांगितलं नाही. उद्याचं परवा झालं, परवाचं वर्ष झालं. मामा कायमचे घरी बसले. मला पुढे बढती मिळाली.

दोन हजार पाच साली त्या पोटातल्या सुया बंद झाल्या, दंडात द्यायची नवी लस आली आणि आम्हाला प्रशिक्षणाला बसवलं. शिकवणारी डॉक्टर मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. ती सहज बोलून गेली, की दहा दिवस बघण्याचा नियम फक्त कुत्र्यामांजरांचा. रानातल्या प्राण्याला तो लावायचा नाही. वटवाघळांत रेबीजच्या जातीचे विषाणू काही देशांत सापडले आहेत, आपल्याकडे पुरेसं कोणी शोधलेलंच नाही, म्हणून रानटी वटवाघूळ चावलं तर वाट न बघता लस सुरू करायची. सगळे वहीत लिहून घेत होते. मी आम्हाला वाटलेल्या पुस्तिकेत ती ओळ शोधून तिच्याखाली रेघ ओढली.

मी ती पुस्तिका घेऊन मामांच्या घरी गेले. आठ वर्षांनी पहिल्यांदा. ते एका पिठाच्या गिरणीवर बसायचे, भुवया पिठाने पांढऱ्या झालेल्या. मी सांगितलं, तुमचं बरोबर होतं.

"छापलंय का?" त्यांनी विचारलं. पुस्तिका घेऊन त्यांनी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. मग म्हणाले, "आता ते दुसरं लिहून द्या. तुम्ही चौकशीत बोलला नाय ते."

मी लिहून दिलं. नऊ आणि एक त्यांनी दिली, चार मी दिली, कोणाला आणि कशासाठी. सही केली. "हे कुठे देणार? मी येते सोबत," मी म्हटलं.

"कुठं द्यायचं नाय आता. घरात दाखवायचंय."

गिरणीच्या मागेच त्यांची खोली. त्यांची बायको कुसाबाई ज्वारी निवडत होती. तिला वाचता येत नव्हतं म्हणून मीच मोठ्याने वाचलं. तिने सूप खाली ठेवलं. "ही बाई कोण?"

"हिनंच तक्रार केली होती," मामा म्हणाले.

"मग हिचं तरी खरं कशावरून?" तिने मला विचारलं. "त्या टायमाला मी गेले होते मखमलाबादला. त्या कलाबाईचा नवरा दारातून म्हणला, कोणी येत नाय. अन् हे तर रोज झुंजूमुंजू होताच सायकल काढून मळ्याकडं जात होते. त्या बाईच्या मळ्याकडं. सुया टोचायला जात होते म्हणे! औषध चोरलं म्हणून नोकरी गेली, असं लोक म्हणत. मला ठाऊक होतं, औषधाचं नाव पुढं केलंय."

मामा भिंतीला टेकून उभे होते. मला तोवर कळलंच नव्हतं, की मी त्या माणसाचं नोकरीहून मोठं काही घेतलं होतं. मी रिक्षा बोलावली. कुसाबाई "बघू तरी" म्हणत चपला घालून बसली.

कलाबाई मळ्यात झेंडू तोडत होती, केस पांढरे झालेले, तब्येतीने खणखणीत. सासू जाऊन तीन वर्षं झाली होती. मामांना बघून ती उठली, पण कुसाबाई पुढे झाली.

"माझा नवरा तुझ्याकडं कशाला यायचा?"

"सुया द्यायला," कलाबाई म्हणाली. "वाघूळ चावलं होतं मला. दहा त्यांनी दिल्या, चार या ताईंनी. नसते आले तर मी हाय का नाय, देवाला ठाऊक."

"मग तेव्हा बोलली का नाय?"

"माझा धनी काय समजला असता? तुम्ही काय समजला होता?"

कुसाबाईने पदर तोंडाला लावला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मला तेव्हाच नीट सांगायचं नव्हतं का?"

"सांगत होतो की," सहादूमामा म्हणाले. "रोज सांगत होतो."